लांबीसह ॲरे

आमच्या मंडळात कोड गोल्फ खेळणारी सारी माणसे संगणक शिकवणारी आहेत; निम्मी लातूरकडची, निम्मी नांदेडकडची. खेळ साधा आहे. दिलेले कोडे सोडवणारा प्रोग्राम ज्याने सर्वांत कमी अक्षरांत लिहिला, तो जिंकला. त्याला मान एकच: पुढच्या वेळचे कोडे आणि त्याचे नियम तो ठरवतो. नियम एकदा वाचून झाले, की लिहिणाऱ्याखेरीज कोणालाही ते बदलता येत नाहीत.

त्या रविवारी बैठक लातूरला माझ्या घरी होती आणि नियमही माझे होते. ॲरे, म्हणजे ओळीने मांडलेल्या संख्या, घ्यायचा आणि शेजारच्या दोन संख्यांमधला सर्वांत मोठा फरक काढायचा. संख्या स्वल्पविरामांनी घ्या, एकाखाली एक घ्या, कंसात घ्या, माझी हरकत नव्हती. शेवटी मात्र मी एक वाक्य घातले होते: ‘ॲरेशिवाय प्रोग्रामला दुसरे काहीही मिळणार नाही.’ ते मला फार नेटके वाटले होते.

नांदेडच्या मॅडम उशिरा पोहोचल्या. बस अहमदपूरला पंक्चर झाली होती. नियम वाचून झाले होते. त्यांनी फक्त कोडे विचारून घेतले, फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या सुशीलाची ताटली बाजूला सारली आणि लिहायला बसल्या. त्या सी भाषा वापरतात, मी जावा. पायथॉनमध्ये सगळेच थोडक्या अक्षरांत होते, म्हणून पायथॉनवाल्यांना आम्ही वेगळ्या गटात बसवतो, नाहीतर आमचा निभाव लागत नाही. मॅडम आजवर एकदाही जिंकल्या नव्हत्या. त्यांच्या मनात एक कोडे कैक वर्षे घोळत होते आणि जिंकल्याखेरीज ते मांडता येणार नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

अक्षरे मोजली, तेव्हा त्यांचा प्रोग्राम सर्वांत आखूड निघाला, माझा त्याखालोखाल. टाळ्या झाल्या. तेवढ्यात उदगीरचे सर, जे कोणाच्याच बाजूचे नसतात आणि सगळ्यांना डिवचतात, पडद्यावर वाकले.

“मॅडम, हे एन काय हाय?”

“ॲरेची लांबी.”

“ती कुठून आणली? नुसता ॲरे मिळणार, असं यजमानांनी वाचून दाखवलंय.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. “सर, तुमच्या जावात ॲरेला स्वतःची लांबी माहीत असते. सीमध्ये मला पहिला आकडा कुठे ठेवलाय तेवढंच कळतं, एकूण किती आहेत ते नाही. पंगतीत वाढप्याला पहिलं पान दाखवलं आणि शेवटचं दाखवलंच नाही, तर तो वाढत वाढत रस्त्यावर जाईल की!”

“आन् रस्त्यावरच्या म्हशीला बी बुंदी वाढंल,” उदगीरचे सर म्हणाले. “पण नियम म्हंजे नियम. सर, जिंकले तुम्हीच. करा पार्टी!”

सगळे हसले. सीचे माझ्या लक्षातच आले नाही, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण मी विद्यार्थ्यांना सीच शिकवत आलो आहे. नियम लिहिताना मॅडमना अडवण्याचा हेतू नव्हता, एवढे मी स्वतःला खात्रीने सांगू शकलो. त्यात माझी सोय होते आहे, हे मात्र मला दिसले होते. आणि दिसूनही मी तिला नेटकेपणा म्हटले होते.

“नियम चुकला आहे,” मी म्हणालो. “ज्या भाषेत लांबी वेगळी सांगावी लागते, तिथे ती ॲरेसोबत घेता येईल. मॅडम जिंकल्या.”

“जरा मोठ्यानं बोला, सर. नांदेडपर्यंत ऐकू जाऊ द्या!” उदगीरच्या सरांनी डिवचले.

मी मोठ्याने बोललो.

पुढच्या बैठकीपर्यंत थांबण्याची मॅडमची तयारी नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि तिथेच आपले कोडे वाचून दाखवले. त्यात ॲरेच्या पोटात ॲरे होते आणि प्रत्येकाची लांबी निराळी. जावात याला किती अक्षरे लागतील, या विचाराने माझा चेहरा पडला असावा. तरी मी हळूच म्हणालो, “मॅडम, मघाचा तो नियम मी खरे तर...”

“सर, आधी लिहा. पश्चात्ताप नंतर. त्याची अक्षरं कुणी मोजत नाही.”

मी लॅपटॉप पुढे ओढला. मॅडम मात्र ‘तुमच्या भाषेला सोबत काय काय लागतं?’ असे एकेकाला विचारत खोलीभर फिरत होत्या.