जिभेवरची माती

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पडेगावकडचा एक म्हातारा हातगाडीवर शेणखत विकायला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पोतं उतरवलं की तो अंगणातल्या वाफ्यातली चिमूटभर माती उचलायचा, बोटांत चुरायचा, हुंगायचा. गेल्या महिन्यात त्यानं ती जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली.

"खारट झाली ताई. पाणी कोणतं घालता?"

मी बादली दाखवली. पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनमधून क्षार घेऊन जे पाणी वाया जातं, ते चार वर्षं मी वांग्यांना घालत होते आणि शेजारणींना अभिमानानं सांगतही होते.

"आता खतानं काय नाय होणार," तो म्हणाला. "नळाचं गोडं पाणी लई सोडा, मंग मीठ धुऊन जाईल."

नळाला पाणी आठवड्यानं येतं आणि ते आम्हालाच पुरत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं. कोरड्या नळाकडं बघून उतरवलेलं पोतं त्यानं परत गाडीवर ठेवलं.

आता तो आमच्या दारात थांबत नाही. वांगी पानांच्या कडेनं करपत चालली आहेत. बादली रोज भरते. गटारात ओतून देववत नाही, म्हणून ते पाणी मी अजून वांग्यांनाच घालते.