मामाचा कान

मोटरसायकल दुरुस्त करणारे पुष्कळ असतात, पण गिऱ्हाइकं ‘कान’ म्हणायची ती फक्त आमच्या मामाला. गाडी आली की तो पान्याला हातसुद्धा लावायचा नाही. टांग टाकायची, बँकेच्या कोपऱ्यापर्यंत चक्कर मारायची आणि उतरता उतरता निकाल द्यायचा, “टॅपेट लूज आहे.” तीस वर्षांत आपण कधी चुकलो नाही, हे तो कुणी विचारो न विचारो सांगायचा.

हेल्मेटसक्ती आली आणि मामाचं डोकंच फिरलं.

“डोकं माझं! फुटलं तर माझं फुटेल, सरकारचं काय जातं?” तो गॅरेजभर ओरडायचा. “आणि ते मडकं घालून इंजिन काय नाकाने ऐकू?”

मी त्याची भाची, आणि हेल्मेट घालून स्कूटर चालवणारी, म्हणजे घरभेदीच. तुझं फुटलेलं डोकं मामीलाच निस्तरावं लागेल, मग ते एकट्या तुझं कसं, म्हणून मी त्याच्याशी कडाकडा भांडायचे. मामी मध्ये पडायची नाही.

तिसऱ्यांदा अडवलं तेव्हा पोलिसाने साफ सांगितलं, “आता दिसलात तर लायसन्स जाईल.” लायसन्स गेलं की चक्कर गेली, आणि चक्कर गेली की मामाचा कान काय कामाचा? नाइलाजाने त्याने माझं हेल्मेट मागितलं. ते त्याला इतकं घट्ट होतं की गाल फुगून डोळे बारीक झाले. “आज काही कळलं नाही, तर दोष या मडक्याचा,” असं आधीच जाहीर करून तो निघाला.

परत आला आणि म्हणाला, “मागच्या चाकाचं बेअरिंग.”

चाक खोललं. बेअरिंगच गेलं होतं. शेजारच्या टायरवाल्याने टाळ्या पिटल्या. माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

 मामाने मात्र दुसरी एक गाडी सुरू केली. हेल्मेट काढलं, घातलं, परत काढलं. तो नकला करतोय असं वाटून आम्ही हसत राहिलो. मग त्याने इंजिन बंद केलं आणि मागच्या घरातून मामीला हाक मारून बोलावलं.

“अगं, दोन्ही वेळा सारखंच,” तो हळूच म्हणाला. “हेल्मेट घालून जेवढं ऐकू येतं, काढूनही तेवढंच. ते बेअरिंग मला गुडघ्यांना कळलं. टाकीला गुडघे टेकले की थरथर समजते. कधीपासून असं चाललंय, कोण जाणे.”

मला फार वाईट वाटलं. माझ्याशी एवढा भांडायचा, त्यातलं माझं निम्मं बोलणं त्याला ऐकूच येत नसणार.

“दोन वर्षं झाली,” मामी म्हणाली.

“तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

मामीने त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

“अहो, किती वेळा बोलले,” ती म्हणाली. “तुम्हाला ऐकूच आलं नाही.”