आईचा व्हिसा आणि माझी शिडी

कागदपत्रं ज्याच्याकडे नुसतं पाहून आपणहून ओळीत उभी राहतात असा माणूस सबंध आयर्लंडात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो ल्यूकनमध्ये माझ्याच भिंतीला भिंत लावून राहतो. मधली भिंत इतकी पातळ आहे, की त्यांनी तिकडे स्टेपलर दाबला की इकडे माझ्या चहावर तरंग उठतात. आमचे हे शेजारी मूळचे नागपूरचे, लिक्सलिपच्या चिप कारखान्यात इंजिनिअर. मी पुण्याचा, घरात बसून सॉफ्टवेअर लिहितो आणि जमेल तेवढं बिघडवतो. सात वर्षांच्या शेजारात त्यांनी मला कधी नावाने हाक मारलेली नाही. मी ‘पुणेकर’. मीही त्यांना ‘अहो’च म्हणतो. ज्याच्याकडे आपल्याच मुलीच्या जन्मदाखल्याची आपल्यापेक्षा स्वच्छ प्रत आहे, त्याला अरेतुरे करायला जीभ धजत नाही.

इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं. त्याला हॉट प्रेस म्हणतात. आयरिश माणूस त्यात टॉवेल आणि पांघरुणं उबवत ठेवतो. आमचे शेजारी त्यात फायली ठेवतात. या देशातली ओल कागदाला चढते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या घरातले टॉवेल कायम दमट आणि दाखले मात्र भाजलेल्या पापडासारखे कडक. एकदा छपराच्या पन्हळीतली पानं काढायला त्यांनी माझी शिडी नेली. संध्याकाळी शिडीबरोबर एक छापील कागद आला: ‘शिडी एक, सुस्थितीत परत मिळाली.’ खाली माझ्या सहीची जागा. मी सही ठोकली. ते चक्क दुखावले. “वाचलं नाही तुम्ही. वाचल्याशिवाय सही करत जाऊ नका, पुणेकर. एखाद दिवशी मी तुमचं घर लिहून घेईन, कळणारही नाही.”

अशा माणसाने आपल्या आईला लांब मुक्कामाच्या व्हिसावर इकडे आणायचं ठरवल्यावर तो व्हिसा न मिळून जातो कुठे? तो मिळाला. पहिल्या फटक्यात मिळाला. शेजारी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले, आणि पेढ्यांवर मंजुरीच्या पत्राची प्रत. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं, दार लावलं आणि दाराला पाठ टेकवून उभा राहिलो. बायकोने विचारलं, “काय रे, पेढा घशात अडकला का?” अडकला होता. माझी आई पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती. इमारतीला लिफ्ट नाही. वडील गेल्याला तीन वर्षं झाली होती, आणि ती तीन वर्षं मी दर रविवारी फोनवर तिला म्हणत होतो, “तुझ्या व्हिसाचं बघतोय.” बघत म्हणजे मी खरोखर नुसतं बघतच होतो.

पुढच्या महिन्यात त्यांची आई, म्हणजे आमच्या काकू, आल्या आणि माझे हाल सुरू झाले. सकाळी सात वाजता भिंतीपलीकडून खलबत्त्याचा आवाज यायचा. ठक, ठक, ठक. मग लसणीचा वास. मग मिरचीचा ठसका, तो भिंत ओलांडून थेट माझ्या लॅपटॉपवर. मी इकडे दुधात बुडवलेले ओट्स चमच्याने ढकलत बसायचो. माणसाला दुसऱ्याच्या गाडीचा हेवा वाटतो, बढतीचा वाटतो. मला एका दगडी खलबत्त्याचा वाटत होता. एकदा त्यांच्या खिडकीतून डोकावलो, तर रेडिएटरवर कुरडया वाळत घातलेल्या. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या कुरडयांनी डोळ्यांत पाणी आणणं शोभत नाही, म्हणून मी रागावलो.

बायको म्हणाली, “अरे, शेजारच्या दादांना विचार ना. ते दोन दिवसांत तुझी फाईल लावून देतील.” मी म्हणालो, “मला लिहिता-वाचता येतं.” या एका वाक्याने माझ्या आईचे सात महिने खाल्ले.

अर्जाबरोबर पाठवायचं पत्र मी स्वतः लिहिलं. आता आपल्या माणसाची परक्याला ओळख करून देणारा लेखी प्रकार आपल्याला एकच ठाऊक असतो, तो म्हणजे लग्नाळू मुलामुलींचं परिचयपत्रक. माझा हात आपोआप त्याच वळणाने गेला. आई निवृत्त शिक्षिका. निरोगी, निर्व्यसनी, मनमिळाऊ, स्वयंपाकात निपुण. रोज पहाटे टेकडी चढते. सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम पाहते. इमारतीतल्या इतर म्हाताऱ्यांना बँकेत नेऊन आणते. कोणावरही कसलाही भार नाही. पुराव्यादाखल सिंहगडावर कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या आईचा फोटो जोडला. तो किती जुना आहे ते पाहिलं नाही. पत्र वाचून माझा ऊर भरून आला. अशी आई कोण नाकारेल?

त्यांनी नाकारली. नाही म्हणणारं इतकं सभ्य पत्र मी आयुष्यात वाचलेलं नाही. या व्हिसासाठी आई मुलावर अवलंबून आहे हे दाखवावं लागतं, आणि आपल्या आई तर, आपणच कळवल्याप्रमाणे, इतरांचा आधार आहेत, असा त्याचा मतलब.

मी ते पत्र घेऊन मागच्या अंगणात बसलो होतो. कुंपणावरून काकूंनी पाहिलं. “काहून रे लेका, तोंड काहून पाडून बसला?” मी सांगितलं. त्यांनी आत जाऊन एका वाटीत गरम गोळाभात आणला आणि कुंपणावरून पुढे केला. “घे, खाय आधी. कागदाचं माह्या पोराले सांगतो मी. त्याले तेवढंच येते.” मग आवाज खाली आणला. “मी बी त्याच्यासाठी एक कागदच आहो, बाप्पा. हॉट प्रेसमधी ठेवाचं तेवढं राह्यलं.”

तेव्हा मला काकूंच्या गळ्यातलं कार्ड दिसलं. शेजाऱ्यांनी त्यांना लॅमिनेट केलेलं कार्ड करून दिलं होतं: नाव, पत्ता, मुलाचा फोन, रक्तगट. काकू परसात मिरच्या वाळत घालायलासुद्धा ते घालून यायच्या. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर त्यांचं वेळापत्रक होतं. दहा वाजता फिरणं, चार वाजता गोळी, साडेसहाला ‘गप्पा’. त्या गप्पांच्या वेळी शेजारी समोर बसायचे आणि विचारायचे, “गोळी घेतली? फिरून आली?” मग उरलेल्या वेळात फोन बघायचे. म्हणून काकू उरलेल्या गप्पा कुंपणावर येऊन माझ्याशी मारायच्या, आणि मी इतका हलकट की मला त्यात विजय वाटायचा.

त्याच संध्याकाळी शेजारी आले. त्यांनी माझं पत्र उभ्याने वाचलं, मग खुर्ची घेऊन परत वाचलं. “पुणेकर, हे काय करून ठेवलं? तुम्ही आईचा अर्ज केला का आईचं स्थळ पाठवलं?” ते हसले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, “लावा फोन तुमच्या आईला. व्हिडिओ लावा.”

पुण्याला रात्र बरीच झाली होती. आई पडद्यावर आली ती नेहमीसारखी ताठ. शेजाऱ्यांनी नमस्कार केला आणि काय जमत नाही वगैरे काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, “काकू, सकाळचं दूध कोण आणतं?”

“वॉचमन वर आणून देतो.”

“आधीपासून?”

“आधी मी आणायचे. आता जिना दोनदा नको वाटतो.”

“आणि बँकेत?”

“शेजारची सून जाते ना, तिच्याकडेच देते कागद.”

“टेकडी?”

आईने चष्मा काढून पदराला पुसला. “जाते की. पायथ्याच्या बाकापर्यंत.”

मी मध्ये पडलो. “बाकापर्यंत? आई, तू मला दर रविवारी सांगतेस टेकडी झाली म्हणून.”

“तू विचारतोस, ‘टेकडी झाली?’ मी म्हणते, ‘झाली.’ तुला मीटिंग असते.”

“आणि हे कधीपासून?”

“मागच्या वर्षी न्हाणीघरात पडले त्याच्यानंतर.”

ते पडणं मला माहीत नव्हतं. शेजारी खाली मान घालून लिहीत होते: गुडघा, जिना, चक्कर, डॉक्टरांचं पत्र मागवणे. माझी आई त्यांना सांगत होती आणि ते उतरवून घेत होते, आणि मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा बसलो होतो. त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्या खलबत्त्याचाही वाटला नव्हता. त्याने अर्ध्या तासात जे विचारलं ते मी तीन वर्षांत विचारलं नव्हतं. जाताना ते दारात थांबले. “पुणेकर, फाईल मी लावतो. तुम्ही फोन ठेवू नका.” मी फोन ठेवला नाही. आई आणि मी बराच वेळ बोलत राहिलो. मीटिंग नव्हती.

फाईल गेली. मधल्या काळात काकूंनीच एक दिवस जाहीर केलं की त्या नागपूरला परत चालल्या. मुदतीचे चार महिने बाकी होते. शेजाऱ्यांनी मुदतवाढीचा अर्जही भरून ठेवलेला. “पोरगा चांगला आहे रे,” काकू मला कुंपणावर म्हणाल्या, “पण मी इथं कोणाच्या कामाची नाही. नागपुरात निदान भांडाले मोलकरीण आहे.” खरं सांगतो, ते ऐकून पहिली पंधरा मिनिटं मला बरं वाटलं. मग मात्र त्यांनी दिलेली गोळाभाताची वाटी मी तशीच झाकून ठेवली.

त्यांना सोडायला आम्ही सगळे एअरपोर्टवर गेलो. शेजाऱ्यांनी परतीची फाईल केली होती, रंगीत पट्ट्या लावून. काकूंनी त्यातला पासपोर्ट आणि बोर्डिंग पास काढून घेतला, गळ्यातलं कार्ड काढून त्या फाईलमध्ये ठेवलं आणि फाईल मुलाच्या हातात दिली. “हे ठेव. वजन होते.” शेजारी ती फाईल छातीशी धरून, त्या दिसेनाशा झाल्यावरही उभे होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवणार होतो. ठेवला नाही. पुणेकर.

तीन आठवड्यांनी माझ्या आईचा व्हिसा आला. आता आईला इथे येऊन दोन महिने झाले. काकू जाताना खलबत्ता माझ्या बायकोला देऊन गेल्या होत्या, सामानात बसेना म्हणून. सकाळी सात वाजता आई बसूनच चटणी कुटते. ठक, ठक, ठक. आता तो आवाज भिंतीच्या अलीकडून पलीकडे जातो.

आणि सव्वासातला दार वाजतं. कारखान्याला जायच्या आधी शेजारी उभे असतात, हातात एक कागद. “एक सही पाहिजे होती, पुणेकर.” आई आतून म्हणते, “आत ये रे, चहा झालाय.” ते खुर्चीवर बसतात. आई त्यांना विचारते, झोप लागली का, डबा काय नेतोस, आईशी काल काय बोललास. ते सगळं सांगतात. मला ती इतकं विचारत नाही. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ओट्स खात त्या कागदाकडे पाहतो. रोज तोच असतो: ‘शिडी एक, सुस्थितीत परत मिळाली.’

शिडी गेल्या शरद ऋतूपासून माझ्या शेडमध्ये आहे, तिच्यावर कोळ्याने जाळं विणलंय. मी सही करतो.