वहीतला शेवटचा रकाना

एकतीस वर्षं दिवसातून दोनशेदा वर जाऊनही लिफ्टमन आयुष्यात कुठेच वर गेला नाही. शेवटी त्या इमारतीत नवी लिफ्ट आली. ती स्वतःच बोलायची, तेही गोड आवाजात. "आत सरका, आत सरका" करून ह्याचा घसा कधीच बसला होता. मालकांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं, त्याला घड्याळ. भाड्याच्या खोलीची किल्ली परत करून, दोन बॅगा आणि वळकटी घेऊन तो समुद्राकाठच्या आपल्या गावी निघाला, कायमचा.

गाव इतकं शांत की बसमधून उतरल्यावर कानांत दडे बसल्यासारखं झालं. शहरात कोणी न ओरडता बोललं तर तो माणूस आजारी आहे का, अशी शंका यायची. इथे लाटासुद्धा बेतानं आवाज करत होत्या.

आईवडिलांच्या घरात दादा-वहिनी राहायचे. समुद्राकडची खोली ह्याची. दहा वर्षांपूर्वी गावात पर्यटक येऊ लागले तेव्हा दादानं फोनवर विचारलं होतं, "तुझी खोली रिकामीच असते, देऊ का?"

"दे की, मी येईपर्यंत," हा म्हणाला होता.

आता त्या दारावर रंगानं '१' काढला होता.

"या भाऊजी," वहिनी म्हणाली. "पाय झटकून या हं, वाळू येते."

दादानं सामानाकडे पाहिलं. "एवढं काय रे आणलंस?"

"थंडीचे कपडे," हा म्हणाला. बाहेर उन्हानं पत्रे तापले होते.

वहिनीनं धुतलेला टॉवेल आणि कोरा साबण आणून दिला. त्याला अगदी भरून आलं. घरच्या माणसाच्या वाट्याला नेहमी झिजलेली वडी येते, वेष्टनातला साबण पाहुण्याला मिळतो, हे न्हाणीघरात अंगाला फेस लावल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

चहाबरोबर वही आली. नाव, आल्याचा दिवस, जाण्याचा दिवस.

"तुमचं कसलं लिहायचं," वहिनी संकोचून म्हणाली, "पण मंगळवारपासून एक कुटुंब यायचंय, म्हणून आपलं."

"वहीची अक्कल ह्याचीच," दादा म्हणाला. "आठवतं का रे? जाण्याचा रकाना आधी आखा, नाहीतर माणसं चिकटून बसतात, असं तूच बजावलं होतंस."

आठवत होतं. भेटायला येणाऱ्यांची वही इमारतीत त्याच्याच ताब्यात असायची. सुटीत येऊन त्यानं ह्या वहीची पहिली चार पानं स्वतः पट्टीनं आखून दिली होती. रेघा अजून सरळ होत्या.

'मी राहायला आलोय.' तीन शब्द. एकतीस वर्षं परक्यांना मजला विचारणाऱ्या माणसाला ते दोन घोट चहा होईपर्यंत जमले नाहीत. त्यानं पेन घेतलं आणि 'सोमवार' लिहिलं.

"एवढ्यात?" वहिनी म्हणाली. "राहायचं की अजून." आणि शाई वाळायला फुंकर मारून तिनं वही मिटली.

खोलीत जाऊन त्यानं घड्याळ काढलं. भिंतीवरच्या त्याच्या जुन्या खिळ्यावर पाटी होती : खोली सोडण्याची वेळ सकाळी दहा. त्यानं घड्याळ उशाशी ठेवलं आणि मनगटावरच्याशी ताडून दोन मिनिटं पुढे केलं. कोणाची खोळंबा झाल्याची तक्रार त्यानं आजवर येऊ दिली नव्हती.