मामाने बंद केलेली गाडी

मामा घरात पाऊल टाकायचा तो थेट दुधाच्या पातेल्याकडे. साय कुणी काढली? आम्ही भाचरं त्याला पाठीमागे शंकासुर म्हणायचो. तेही त्याला ठाऊक होतं. पहिल्यांदा कोण म्हणालं, एवढाच तपास बाकी होता.

बस स्थानकावर तो वाहतूक नियंत्रक होता. तिथून अकरा मार्ग फुटायचे. शेजारच्या खिडकीत त्याची एकुलती एक लेक, माझी ताई, तिकिटं द्यायची. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस गेले होते. तिच्या खिडकीपुढे कुणी नुसतं खाकरलं तरी मामाच्या मनात पाल चुकचुकायची.

त्या वर्षी खाणीच्या गावात पुरळाचा ताप आला. लोकांनी पाण्याला दोष दिला. मामाने फेऱ्यांचा तक्ता पुढ्यात ओढला.

"पाणी सगळ्यांचं एकच. मग मधली चार गावं ठणठणीत कशी?"

खाणीवरून शहराकडे जाणारी जलद गाडी त्या चार गावांत थांबतच नव्हती. जिथे प्रवासी उतरायचे, तिथे पंधरवड्याने ताप. आमच्या स्थानकात ती फक्त नोंदीपुरती थांबायची. कुणी उतरत नसे.

"ताप पायी येत नाही गं, तिकीट काढून येतो," मामा मला म्हणाला. जन्मभर उगाच संशय घेणाऱ्याचा हा संशय मात्र खरा होता, आणि मला त्याचा अभिमान वाटला. अजूनही वाटतो.

वरिष्ठांनी त्याला हसून वाटेला लावलं. मग त्याने स्वतःच गाडी अडवली. ती आमच्याच आगारातून खाणीकडे निघायची; बाहेर पडायच्या आधीच रोज शेरा: ब्रेक नादुरुस्त. लेकीसाठी तो पहिल्यांदाच खोटं लिहीत होता.

पण माणसांचं शहरात जाणं थोडंच थांबतं? खाणीवरचे लोक मिळेल त्या जीपने आमच्या स्थानकापर्यंत येऊ लागले. पुढच्या गाडीसाठी तीन-तीन तास बाकांवर दाटीवाटीने बसू लागले. तिकिटाची रांग ताईच्या खिडकीपुढे.

मामा डोळ्यांत तेल घालून पाहत होता, पण भलतीकडे. जीपवाले, झाडूवाली, अगदी मीसुद्धा. "तू कुणाशेजारी बसलीस?" मी चिडून दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

पंधरवड्यात अकराही मार्गांवर ताप पोचला. त्याच आठवड्यात ताई अंथरुणाला खिळली.

ताई वाचली. सहाव्या महिन्यातलं बाळ गेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई कागद भरत होत्या. "काका, हिला लागण कुणाकडून झाली असेल? काही अंदाज?"

आता हा जीपवाल्यांपासून सुरू करणार, म्हणून मी आधीच मान खाली घातली.

"माझ्याकडून," मामा म्हणाला.

"तुम्हाला कधी आला होता ताप?" असं म्हणत बाईंनी डाग शोधायला त्याच्या बाह्या वर सारल्या. मामाने दोन्ही हात पुढे धरले.