गायीनं लाथ मारली नव्हती

निवडणुकीला पाच आठवडे राहिले असताना, ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी, आमच्या मालकानं दूध काढायच्या शेडमध्ये मला काळ्या प्लास्टिकच्या पाइपनं मारलं. तीन फटके. तिसऱ्याला डाव्या मनगटाचं हाड मोडलं. आवाज मी ऐकला.

फार्म न्यूझीलंडमधल्या 'ते रापा' नावाच्या भागाबाहेर. मालक तिसऱ्या पिढीचा शेतकरी, आधी स्थानिक शेतकरी संघटनेचा अध्यक्ष, आता संसदेचा उमेदवार. फाटकावर त्याचा हसरा फोटो. मी पुण्याहून शिकायला आलेली, शिक्षण संपल्यावर इथं कामाला लागलेली. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर होता.

चूक माझी होती. औषध दिलेल्या गायीच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधतात, म्हणजे तिचं दूध टाकीत जात नाही. एका गायीला बांधायची मी विसरले. लक्षात आल्यावर मीच जाऊन सांगितलं. टाकीभर दूध ओतून द्यावं लागणार होतं. दहाला वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येणार होता.

मी शेणात पडले. त्यानं बुटानं माझा खांदा दाबून धरला आणि लाल पट्टी माझ्या घोट्याला आवळली. म्हणाला, "आता विसरणार नाहीस." मग पाइपच्या पाण्यानं गमबूट धुतले.

फोटो निघेपर्यंत मला वासरांच्या शेडमागे बसवलं. नंतर दादांनी गाडीतून दवाखान्यात नेलं. दादा सांगलीचे, शेडचे मॅनेजर.

"गायीनं लाथ मारली म्हण. फॉर्मवर तेवढंच."

"दादा, तुम्ही तिथंच होतात."

"होतो ना. हीप्स वेळा, ढीगभर वेळा बघितलंय असलं. तुझी इथं कायम राहायची रेसिडेन्सी अडकेल, बाई. तो उद्या वेलिंग्टनला संसदेत जाऊन बसणार. जरा डोकं लाव."

"तुम्हाला कधी मारलं?"

दादांनी रेडिओ लावला.

नर्सनं विचारलं, "गाय?" घोट्यावरची पट्टी कापायला तिनं कात्री घेतली होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, आधी याचा फोटो काढा.

फॉर्म मी स्वतः भरला. दुखापत कशी झाली, या रकान्यात उजव्या हातानं लिहिलं: मालकानं पाइपनं मारलं. खाली त्याचं पूर्ण नाव. तिथून पोलीस स्टेशन. दादा गाडीतून उतरले नाहीत.

तो निवडून आला. संसदेतल्या पहिल्या भाषणात, फार्मवरची माणसं आपलं कुटुंब आहेत, असं म्हणाला. त्याच्या वकिलाची दोन पत्रं आली. दुसऱ्यात रेसिडेन्सीसाठी मदतीची तयारी होती, तक्रार मागे घेतली तर.

तक्रार मागे घेतलेली नाही.