पिंपळखुटेकाकूंची अक्षत

कोटरा सुल्तानाबादेतल्या आमच्या मराठी घरांत लग्न, मुंज नाहीतर वास्तुशांत निघाली की आमंत्रणं करायला सोबत हवी ती सुलभाकाकू पिंपळखुट्यांचीच. चांदीच्या वाटीत कुंकू लावलेले तांदूळ घेऊन काकू दारोदार हिंडत, तळहातावर दाणे ठेवत आणि बजावत, "अक्षत घेतली, आता यावंच लागते बरं." लोक मुकाट्यानं जात. मी स्वतः पाय मुरगळलेला असताना लंगडत गेले आहे; न जाऊन सांगतेय कुणाला?

नागपूरहून लग्न होऊन या हिंदी मुलखात आल्या तेव्हा काकूंचं इथे ओळखीचं कुणी नव्हतं. यजमान, अनंतराव, दिवसभर कचेरीत. मग काकूंनी माणसं जोडली, आणि जोडलेली माणसं बसवायला त्यांना जागा सापडली ती वॉर्डाच्या सामुदायिक भवनाची. नगर निगमाचं, म्हणजे महापालिकेचं भवन, त्यामुळे भाडं कुणालाही झेपेल असं. काकूंच्या लेकीचं, श्रुतीचं लग्न तिथे लागलं, तसंच त्यांच्या धुणीभांडीवालीच्या मुलीचंही. ते भवन काकूंना आपल्या घराचीच एक खोली वाटे.

गेल्या हिवाळ्यात कळलं की शहराच्या कारभारानं पुढे कोणती कामं स्वतः करावीत आणि कोणती कंपन्यांकडे सोपवावीत, यावर लोकांचं मत घेणार आहेत. आमच्या वॉर्डाची जनसुनवाई होती त्याच भवनात, आणि सोपवायच्या गोष्टींत ते भवनही होतं. सुनवाई भरवण्याचं काम एका सल्लागार कंपनीकडे होतं आणि कंपनीचा माणूस म्हणजे निनाद. हा निनाद इंजिनिअरिंगला असताना दर रविवारी काकूंकडे वडाभात चापायचा. काकू त्याला पोटचा मानायच्या.

"काकू, लोक आलेच नाहीत तर वरच्यांना वाटेल, यांना पर्वाच नाही. भवन गेलंच समजा," तो म्हणाला. "तुम्ही अक्षत घेऊन फिरा ना. तुमच्या अक्षतेला कोण मना करतंय?"

अनंतराव पेपरातून डोकं काढून म्हणाले, "सरकारी मीटिंगला अक्षत? काहीतरीच तुमचं."

"भवन वाचवायला बोलावते मी," काकू म्हणाल्या आणि वाटी घासायला घेतली.

भवन गच्च भरलं. काकू आपल्या नागपुरी हिंदीत असं बोलल्या की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा टाळ्या पिटू लागली. गरिबानं लेकीचं लग्न काय रस्त्यावर लावायचं, असं त्यांनी सरळ विचारलं. निनाद मान डोलवत होता. शेवटी त्यानं माइक घेतला. "जो लोग इसी वार्ड में रहते हैं, ज़रा हाथ उठा दीजिए." सगळ्यांनी हात वर केले. पहिल्या रांगेत काकूंचा हात सगळ्यांत उंच होता. फोटो निघाला.

होळीच्या सुमारास भवनाच्या फाटकावर तोच फोटो फलकाएवढा होऊन लागला. काकूंच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मोजता याव्यात असा. वर लिहिलं होतं, 'नई व्यवस्था को नागरिकों की एकमत सहमति'. आत कंपनीचा मॅनेजर बसला होता, आणि नवं भाडं ऐकून आमच्या गल्लीतली सुनंदा तशीच मागे फिरली. तिच्या लेकीचं लग्न तिथेच व्हायचं होतं. ती तडक काकूंकडे आली. "काकू, तुमच्या अक्षतेवर आलो होतो आम्ही," एवढंच बोलली आणि चहा न घेता गेली. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली.

काकूंनी निनादला बोलावून घेतलं. मी तिथेच होते.

"मी तर फक्त हजेरीसाठी हात वर करायला लावले, काकू. वरचं लिखाण ऑफिसनं टाकलं," तो म्हणाला. मग जरा हळू, "आणि खरं सांगू, ते आधीच ठरलं होतं. कुणी काहीही बोललं असतं तरी."

"तुला ठाऊक होतं?"

तो खिशातला मोबाइल काढून बघू लागला.

"मग आम्हाला बोलावलं कशाला?"

"पब्लिक दाखवावी लागते ना."

त्यानंतर काकूंनी कुणाकडे अक्षतेला जाणं सोडलं. बोलावलं तर म्हणत, "माझ्या तांदळात आता राम नाही." किती माणसांनी त्यांची समजूत काढली, पण सुनंदा आली नाही, आणि काकूंना हवी होती ती सुनंदाच.

वैशाखात आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसलो होतो, तर निनाद बायकोला, मंजूषाला, घेऊन हजर. कोलार रोडला नवा फ्लॅट घेतला होता, त्याची वास्तुशांत. हातात चांदीची वाटी. काकूंनी दोघांना पन्हं दिलं, मंजूषाच्या माहेरची चौकशी केली. मला वाटलं, विरघळल्या.

"काकू, सगळ्यात पहिली अक्षत तुम्हाला," निनादनं चिमूट पुढे केली.

काकूंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"अक्षत घेतली की यावं लागते, बाळा," त्या म्हणाल्या. "म्हणून घेत नाही."